घराचा आराखडा जागेवरच ठरला पाहिजे

दर उन्हाळ्यात विदर्भातला पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की मातीचे घर चांगले की सिमेंटचे, हा वाद नव्याने सुरू होतो. मुळशी किंवा कर्जतच्या बाजूला कोणीतरी मातीच्या भिंतींचे देखणे घर बांधलेले असते, त्याची छायाचित्रे फिरू लागतात आणि आपले पूर्वज शहाणे होते, आपण सिमेंटच्या नादी लागून वाया गेलो, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. त्यावर दुसरी बाजू तितक्याच तावातावाने सांगते की ही शहरातल्या पैसेवाल्यांची हौस आहे. ज्याच्या आजोबांचे घर पावसात खचले त्याला विचारा, त्याला स्लॅबच हवा असतो. दोन्हींच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि तरीही हा वाद भलत्याच ठिकाणी अडकून पडला आहे, असे माझे ठाम मत आहे. घर कशाचे बांधायचे हे नंतर ठरते. ते कुठे उभे राहणार आहे, तिथे ऊन कोणत्या भिंतीवर येते, पावसाची झड कोणत्या दिशेने मारते, उतारावरचे पाणी कुठून येऊन कुठे जाते आणि पाया कोणत्या जमिनीत जाणार आहे, हे आधी पाहावे लागते. याची उत्तरे आराखड्यात उतरली नाहीत तर घर मातीचे असो वा आरसीसीचे, ते फसते. अशा फसलेल्या घराचा भुर्दंड सर्वांत जास्त गरिबाला बसतो. म्हणूनच जागेनुसार आखलेले घर ही श्रीमंतांची चैन समजून सोडून देता येत नाही. सरकारी घरकुलाचीही ती पहिली अट असली पाहिजे.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि सांगोला-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. या दोन्ही ठिकाणी तोच सपाट स्लॅब, त्याच मापाच्या खिडक्या आणि तोच दीड फुटाचा छज्जा कसा चालेल? कोकणात तो चाललेला नाही आणि त्याच्या पुराव्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज नाही. राजापूर ते सावंतवाडी या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात शिरावे. कौलारू घर पाडून हौसेने बांधलेल्या स्लॅबच्या घरांवर लोखंडी कैच्या उभारून पत्र्याचे दुपाखी छप्पर चढवलेले दिसते. हे का घडते ते उघड आहे. चार-पाच पावसाळे झाले की स्लॅबला ओल धरते, छताचा रंग पापुद्र्यांनी सुटतो, गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे थर चढतात, तरी आषाढात माजघरात बादली ठेवावी लागते आणि शेवटी मुंबईहून आलेल्या पैशांतून वर पत्रा पडतो. म्हणजे त्या कुटुंबाने एका घरासाठी दोन छपरांचे पैसे मोजले आणि दुसरे छप्पर हे पहिल्यांदा पाडलेल्याच आकाराचे निघाले. जुन्या कोकणी घराचे पाखे भिंतींच्या बरेच पुढे आणि खाली उतरलेले असत, कारण जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो आणि सततच्या झडीपासून त्याला वाचवावे लागते. जोते उंच असे, पडवी मुख्य भिंतीच्या बाहेर राहून पहिला मारा अंगावर घेई आणि पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेला झावळ्यांचे झाप बांधले जात. उलट देशावर आणि मराठवाड्यात पाऊस कमी, तिथे माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर माती अंथरलेले सपाट छतच योग्य होते; त्यावर वाळवणे पडत आणि उन्हाळ्यात रात्री माणसे झोपत. सपाट छत ही काही चुकीची कल्पना नाही. ती चुकीच्या जिल्ह्यात नेली गेली.

उन्हाचेही असेच आहे, आणि इथे तर नेमका हिशेबच मांडता येतो. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे ७१ अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी माथ्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. दक्षिणेच्या भिंतीत चार फूट उंचीची खिडकी असेल आणि तिच्या माथ्यावर लगेच दोन फुटांचा छज्जा असेल, तर डिसेंबरातल्या दुपारी छज्जाची सावली खिडकीच्या निम्म्याच्या थोडी खाली येते. बाकीच्या भागातून थंडीतले ऊन घरात शिरते. मार्चपासून पुढे मात्र भर दुपारी तीच सावली पूर्ण खिडकी झाकून टाकते. एवढे काम दोन फुटांच्या एका छज्जाने होते. हीच खिडकी, हाच छज्जा पश्चिमेच्या भिंतीला लावला तर एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली आलेला असतो की सावली जेमतेम फूटभर पडते आणि उरलेल्या तीन फुटांतून ऊन थेट पलंगापर्यंत येते. पश्चिमेला न्हाणीघर, जिना, कोठीची खोली किंवा एखादे पानगळीचे झाड हवे आणि झोपायची खोली तिथून हलवायला हवी, हे ठरवायला कागदावर पाच मिनिटे लागतात व पैसा लागत नाही. भिंती उभ्या राहिल्यावर हाच बदल कोणाच्याही आवाक्यात राहत नाही. ज्याच्याकडे पैसे असतात तो एसी लावून आराखड्यातली चूक झाकतो. ज्याच्याकडे नसतात त्याच्या डोक्यावर दिवसभर तापलेला चार-पाच इंचांचा स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. पोरे अंगणात झोपतात, म्हातारी माणसे रात्रभर तळमळतात. जागेचा विचार गरिबाला अधिक लागतो, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, गणपती विसर्जनाच्या थकव्याने गाढ झोपलेल्या किल्लारी परिसरावर त्याच 'शहाण्या' घरांच्या भिंती कोसळल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता, माणसे मारली ती मुख्यतः घरांनी. ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांच्यापुढे दगडमातीच्या घरांचे गोडवे गाणे असंवेदनशील आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्या घरांतले नेमके काय पडले हेही पाहायला हवे. भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये गोटे आणि चिखल अशी त्यांची रचना होती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, त्यामुळे हादऱ्यासरशी दोन्ही थर सुटले. माळवदावर दर वर्षी नव्याने माती चढवली जाई आणि पिढ्यानपिढ्या तो थर वाढत जाऊन छताचे वजन प्रचंड झालेले होते. विशेष हे की खांब, तुळया आणि खणांचा लाकडी सांगाडा अनेक घरांत भिंती पडल्यानंतरही उभा राहिला. म्हणजे त्या घरात एक भाग शहाणपणाचा होता आणि एक भाग घातक होता. सगळे घर एका शब्दात चांगले किंवा वाईट ठरवणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

किल्लारीचा याहून खोल धडा मला वेगळाच वाटतो. तिथल्या गवंड्यांनी जागा ओळखली होती, पण त्यांना आठवत होती तेवढीच. ऊन, धूळ, चोरी, पाण्याची टंचाई यांना त्यांनी उत्तर शोधले होते. पायाखालच्या जमिनीने अनेक पिढ्या दाखवलाच नाही असा धोका त्यांच्या घरात कसा उतरणार? सरकारी नकाशालाही तो ठाऊक नव्हता. त्या वेळच्या भारतीय भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता आणि २००२ च्या सुधारणेनंतर तो तिसऱ्या क्षेत्रात आला. म्हणून जागेनुसार घर म्हणजे जुने घर, हे समीकरण मला अजिबात मान्य नाही. जागा ओळखण्यात मातीची तपासणी, पूररेषा, भूकंप-नकाशा, दरडींचा इतिहास हे सगळे येते. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तिरक्या चिरा पाडते. तिच्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया विकसित केला, तोही माझ्या लेखी जागेला दिलेला प्रतिसादच आहे, भले त्यात सिमेंट आणि सळई असो. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपात तिथली 'भुंगा' नावाची मातीची गोल घरे मोठ्या प्रमाणात टिकली, हे परंपरेच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण भुंगा टिकला तो गोल भिंत आणि हलके छप्पर यांच्यामुळे, मातीवरच्या श्रद्धेमुळे नाही.

दुसरा मुद्दाही हलक्याने घेण्यासारखा नाही. पक्के घर ही अनेकांसाठी सन्मानाची गोष्ट आहे. गावाच्या सखल कोपऱ्यात, दर पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या झोपडीत पिढ्या काढलेल्या दलित कुटुंबाला स्लॅबचे घर मिळते तेव्हा ते गावातल्या जुन्या क्रमवारीला दिलेले उत्तर असते, आणि त्याला उष्णतेचे शास्त्र ऐकवणारे आपण कोण? शिवाय जुन्या घराची देखभाल कोणाच्या श्रमांवर चालत होती, हेही आठवावे. जमीन सारवणे, भिंती लिंपणे हे काम बायकांचे होते. मे महिन्यात कौले चाळणे आणि शाकारणी यांसाठी हाताशी माणसे असत, ती आता गावात उरलेली नाहीत. वाड्याच्या चौकात हवा खेळे ती सर्वांसाठी सारखी नव्हती. अंधाऱ्या माजघरात आणि धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बायका त्या वास्तुकलेचे कौतुक करतीलच असे नाही. हे सगळे मी कोणतीही पळवाट न ठेवता मान्य करतो. पण यातून सिद्ध काय होते? लोकांना कमी देखभालीचे, कोरडे, उजेडाचे, मानाचे घर हवे आहे. ते घर मेमध्ये भट्टीसारखे तापावे अशी तर कोणाचीच मागणी नाही. सन्मान मिळावा म्हणून स्लॅब स्वीकारणाऱ्याला उत्तरेची खिडकी आणि पांढऱ्या रंगाची गच्ची नाकारण्यात कोणता न्याय आहे?

लोकांना न विचारता त्यांच्या भल्याचे घर बांधले तर काय होते, याचे उदाहरण इजिप्तमध्ये आहे. हसन फथी या मोठ्या वास्तुरचनाकाराने १९४० च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांत, कमानी-घुमटांत, वारा आणि उन्हाचा बारीक विचार करून उभे केले. ज्या गावकऱ्यांना तिथे हलवायचे होते त्यांनीच जायला नकार दिला. त्यांना आपली जुनी वस्ती आणि तिच्याशी जोडलेली रोजीरोटी सोडायची नव्हती, आणि घुमट त्यांच्या दृष्टीने कबरींवर असतो, राहत्या घरावर नाही. आपल्याकडे किल्लारीनंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली आणि चौकटीच्या कागदावर आखावेत तसे सरळ रुंद रस्ते काढले गेले. ती घरे भूकंपाला पुरी पडतील, पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, भावकी कुठे बसायची याचे उत्तर त्या आखणीत नव्हते, आणि पुढच्या वर्षांत लोकांनी स्वतःच पत्र्याच्या शेड काढून ते शोधले. न्यू गुर्ना मातीचे होते आणि ही गावे काँक्रीटची, तरी चूक एकच होती. राहणाऱ्या माणसाला जागेचा भाग मानलेच नाही.

याच्या उलट वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांचे काम ठेवून पाहावे. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा माणूस तिरुवनंतपुरमचा होऊन गेला आणि २००७ साली तिथेच वारला. त्यांना मातीचे पुरस्कर्ते म्हणून ओळखणारे पुष्कळ आहेत, पण त्यांची बरीच घरे भाजक्या विटांची आहेत, कारण केरळात ती जवळच मिळत होती. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या त्यांच्या भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटचा भार पेलण्यासाठी उपयोग नसतो, तिथे ते मंगलोरी कौले घालून सिमेंट वाचवत. तिरुवनंतपुरममधल्या उल्लूरच्या टेकडीवर त्यांनी विकास अध्ययन केंद्राचा परिसर उभा केला तो उतार सपाट न करता आणि झाडांच्या मधून वाट काढत. घरापासून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार आपल्या मनावर कायमचा ठसला, असे बेकर सांगत. तो विचार आपल्याच वर्ध्याजवळ प्रत्यक्षात आलेला आहे. १९३६ नंतर सेवाग्रामला माती, बांबू आणि कौले यांतून उभ्या राहिलेल्या कुटीच्या खोल पडव्या आजही भर उन्हाळ्यात जाऊन अनुभवता येतात. त्या कुटीची डागडुजी सतत करावी लागते, हेही तिथे जाणाऱ्याने पाहून यावे.

'सस्टेनेबल' या नावाखाली जे खपवले जाते त्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण दुसऱ्या बाजूचा राग पुष्कळसा त्यातून आलेला आहे. डोंगराचा उतार कापून सपाटी करायची, ओढ्याची वाट अडवायची, तीन हजार चौरस फुटांचे मातीच्या गिलाव्याचे घर बांधायचे, शेजारी पोहण्याचा तलाव खणायचा आणि शनिवार-रविवारी शंभर किलोमीटर गाडी चालवत तिथे जायचे, याला पर्यावरणाची सेवा म्हणता येणार नाही. भिंत मातीची असल्याने वाचलेले सिमेंट एवढ्या खटाटोपापुढे किती? जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे आठ टक्के आहे, म्हणून ते जपून वापरायला हवेच. पण जपून वापरणे म्हणजे आधी घर लहान ठेवणे. शिवाय उतार कापण्याचा प्रश्न नुसत्या पर्यावरणाचाही नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले तेव्हा दीडशेच्या वर माणसे दगावली. २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी यांची तीच गत झाली. सह्याद्रीच्या उतारावर पाणी कुठून झिरपते हे न पाहता जेसीबी लावणारा माणूस स्वतःबरोबर खालच्या वाडीलाही धोक्यात घालतो.

राहिला सर्वांत व्यवहारी आक्षेप: प्रत्येक घरासाठी वेगळा आराखडा, एवढे वास्तुरचनाकार आणायचे कुठून? लाखो घरकुले बांधायची तर साचा लागणारच. साच्याला माझा विरोध नाही. कोकणातली जुनी घरेही साच्यातलीच होती. पण तो साचा कोकणाचा होता आणि प्रत्येक जागेवर गवंडी तो फिरवून, लांबवून, उतारानुसार जोते वरखाली करून घेत होता. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि घर लाभार्थीने स्वतः बांधावे, ठेकेदाराकडून नव्हे, अशी त्या योजनेची भूमिका आहे. ही भूमिका फार चांगली आहे. प्रदेशानुसार घरांचे नमुने सुचवणारा संग्रहही केंद्राने काढलेला आहे. अडचण अशी की संग्रह कार्यालयात राहतो आणि बांधावर गवंडी कालच्या घराचीच मापे आज टाकतो. अनुदानाचा हप्ता चौथऱ्याचे, छताचे छायाचित्र पाहून सुटतो. चौथरा कोणत्या तोंडाने आखला हे त्या छायाचित्रात कोणी पाहत नाही. घरांच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालणारी 'इको निवास संहिता' २०१८ साली आली, पण तिची व्याप्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांपुरती ठेवली गेली. म्हणजे ज्यांना एसी परवडतो त्यांच्यासाठी नियम आहे आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिला हप्ता सुटण्यापूर्वी पंचायत समितीच्या अभियंत्याने एकदा त्या जागेवर उभे राहावे, घरातल्या बाईला आणि बाप्याला सोबत घेऊन उत्तर दिशा, पावसाची बाजू, पाण्याची वाट, मातीचा प्रकार आणि गेल्या मोठ्या पुराची खूण एका कागदावर टिपावी आणि नमुना आराखडा त्यानुसार फिरवून जमिनीवर फक्की टाकून द्यावा. तासाभराचे काम आहे. त्याला फुरसत नसेल तर हे काम शिकवलेला गवंडीही करू शकतो. किल्लारीनंतरच्या दुरुस्ती-बळकटीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले, त्यांनी घरमालक आणि अभियंते यांच्यामध्ये उभे राहून भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा इथपर्यंतची माहिती घराघरांत नेली, आणि ज्या लोकांना तांत्रिक काही कळत नाही असे गृहीत धरले गेले होते त्यांनी ती आपल्या हाताने अमलात आणली. तीस वर्षांपूर्वी मराठवाड्यात जे भूकंपासाठी जमले ते आज ऊन आणि पावसासाठी करायला अभियांत्रिकीची कोणतीही अडचण नाही. लागणारा खर्च प्रत्येक घरामागे अभियंत्याच्या एका फेरीचा आणि गवंड्यांच्या काही दिवसांच्या प्रशिक्षणाचा आहे, आणि तो कोकणातल्या प्रत्येक स्लॅबवर नंतर चढणाऱ्या पत्र्याच्या खर्चाशेजारी ठेवूनच मोजला पाहिजे.